बेर्नीताने खाल्लेली टोपली

व्हर्ना स्टाउफरचं सगळं आयुष्य ओहायोमधल्या एका शाळेच्या ग्रंथालयात गेलं. निवृत्त झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की मिळणाऱ्या पेन्शनमध्ये स्वतःच्या देशात राहायचं तर औषधं घेता येतील किंवा जेवता येईल. दोन्ही करायचं म्हटलं तर मुलाच्या तळघरात राहावं लागेल. त्याच सुमारास तिने कुठेतरी वाचलं, की एवढ्याच पैशांत मेक्सिकोत माणूस राणीसारखा राहतो. लेखकाने अगदी छातीठोकपणे लिहिलं होतं. कोणत्या राणीसारखा, ते मात्र लिहायचं राहिलं होतं.

तर ही राणी चोलुला गावात एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहू लागली. खोलीच्या एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला गॅसची, आणि मधे घरमालकिणीच्या धुण्याच्या दोऱ्या. दारातून बाहेर पडताना राणीला रोज कोणाच्या तरी ओल्या पायजम्याला वाकून नमस्कार करावा लागे. समोर ज्वालामुखी दिसायचा. त्या देखाव्याचे वेगळे पैसे नव्हते, पण ज्वालामुखीने राख टाकली की गच्ची झाडायची ती व्हर्नाने, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. ज्वालामुखी वक्तशीर होता.

घरमालकीण सोलेदाद, म्हणजे सगळ्या आळीची दोन्या चोले, आपल्याकडे म्हणतात तशी चोलेबाई. तिने व्हर्नाचं बेर्नीता केलं आणि आळीने ते उचललं. गच्चीवरची खोली खरं तर चोलेच्या मुलाची, नाचोची. तो न्यूयॉर्कला एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात भांडी घासायचा आणि त्याच पैशांतून, परत येऊन लग्न करायचं म्हणून, त्याने वर ही खोली बांधून घेतली होती. भिंतींचा आकाशी रंग त्यानेच फोनवरून निवडलेला, आणि त्याचं मागे राहिलेलं सामान चोलेने वर लावून ठेवलेलं. खोली तयार झाली, नाचो काही आला नाही. कागदपत्रांवाचून गेलेला माणूस एकदा परतला की पुन्हा जाता येत नाही, आणि परतून बापासारख्या विटा भाजण्याची त्याची इच्छा नव्हती. म्हणून "नाचो येईपर्यंत" या बोलीवर बेर्नीता तिथे राहिली.

बेर्नीता परदेशात काटकसरीने कशी राहते, यावर तिच्या ओहायोतल्या वर्तमानपत्रात फोटोसकट मजकूर आला. नाचोसुद्धा परदेशात काटकसरीनेच राहत होता, एका खोलीत सहा जण, झोपायच्या पाळ्या लावून. त्याच्यावर कोणी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते वाचायला सगळ्यात आधी पोलीस आले असते.

बेर्नीता या देशात आली ती जुनी शहरं, देवळं, पिरॅमिड बघायला. त्यासाठी तिच्याकडे रहिवाशाचं कार्ड होतं, आणि त्या कार्डावर तिचा येशूपेक्षा जास्त विश्वास होता, कारण रविवारी देशातल्या रहिवाशांना सगळे अवशेष मोफत. सोमवार ते शनिवार ती रिकामीच असे, पण त्या दिवसांत तिने कधी एकाही पिरॅमिडकडे मान वर करून पाहिलं नाही. रविवारी पहाटे उकडलेली अंडी आणि फडक्यात गुंडाळलेल्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, घेऊन ती पहिली खचाखच व्हॅन पकडायची, आणि फाटकावर तिकीट काढून आत जाणाऱ्या पर्यटकांकडे, कष्टकरी माणूस उधळ्यांकडे बघतो तसं बघत आत शिरायची. गावातच एक केवढा तरी मोठा पिरॅमिड होता, वर चर्च बांधलेला. चोले आणि बाकीचं गाव त्याला टेकडी म्हणे. बेर्नीताने दहादा समजावून सांगितलं, की ही टेकडी नाही, माणसांनी रचलेली आहे. चोले म्हणाली, माझी पन्नास वर्षं ती चढण्यात गेली, माझ्या गुडघ्यांना ती टेकडीच वाटते.

आठवड्यातले बाकीचे दिवस जेवणाचे. सांस्कृतिक केंद्रात मोफत व्याख्यानं असत आणि शेवटी कॉफी मिळे. पण खरा आधार होता तो आळीतल्या मयतांचा. इथे कोणी गेलं की नऊ दिवस संध्याकाळी घरात जपमाळेची प्रार्थना होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला खाऊ घातल्याशिवाय पाठवत नाहीत. आधीचे दिवस गोड पाव आणि कॉफी, नवव्या दिवशी मोलेचा दाट काळा रस्सा, भात आणि कणसाच्या पानांत वाफवलेले तामाल. बेर्नीता या सगळ्याला संस्कृतीचा अभ्यास म्हणत असे. फुकट ते पौष्टिक, हे तिला ग्रंथालयात बसूनच ठाऊक झालं असावं. ती अभ्यास मात्र मन लावून करी. जन्माने दुसऱ्याच पंथाची असून तिला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ झाल्या होत्या, आणि ती त्या मोठ्याने म्हणायची. आळीची काही तक्रार नव्हती. मेलेल्याला एक प्रार्थना जास्त मिळते, ताटाचं काय ते तिचं आणि तिच्या पोटाचं.

चोले मात्र सोडत नसे. चर्चची घंटा विशिष्ट तऱ्हेने वाजली, की अंगणातून वर हाक यायची, "बेर्नीता, ऐकलंत का? पातेलं घासून ठेवा, आता नऊ दिवस तुमची चूल पेटायची नाही."

चोलेचा नवरा मेलितोन या सगळ्यावर अंथरुणातून हसायचा. जन्मभर वीटभट्टीवर राबून त्याची छाती गेली होती. रविवारी संध्याकाळी बेर्नीता परत आली, की तो तिला खाटेशी बोलावून घेई आणि विचारी, काय पाहिलंत, विटा चांगल्या होत्या का? मग ती तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सगळं सांगायची, कोणती भिंत, कोणतं चित्र, कोणता राजा. ऐकता ऐकता त्याला झोप लागे. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा विचारी. ओहायोहून तिचा मुलगा कर्टिसही रविवारीच फोन करायचा, आणि त्याला फक्त तिचा रक्तदाब ऐकायचा असे.

उन्हाळा संपता संपता चोलेची मुलगी आरासेली फोन घेऊन आली. ती बाजारात मोबाइलच्या दुकानात कामाला होती आणि भविष्यकाळ तिला इतरांपेक्षा आधी कळत असे. तिने आईला फोटो दाखवले. गावातल्याच खोल्या, पण पांढऱ्या भिंती, कुंडीत एक निवडुंग, आणि खाली लिहिलेलं, गच्चीवरून पिरॅमिड व ज्वालामुखीचं दर्शन. बेर्नीता महिन्याला जे देते, ते लोक दोन रात्रींना देतात. नाचोचं सामान खोक्यात भरून जिन्याखाली ठेवू, भिंती पांढऱ्या करू, आणि मृतांच्या सणाला जी गर्दी येते तिच्या आधी खोली इंटरनेटवर टाकू. बाबांच्या औषधांचे पैसे काय झाडाला लागतात?

 दुसऱ्या दिवशी तव्यावरची तोर्तिया उलटता उलटता, वर न बघता, तिने बेर्नीताला सांगितलं, की सणापर्यंत दुसरीकडे बघा.

बेर्नीताने दुसरीकडे बघितलं. तिच्या पेन्शनमध्ये बसेल अशी खोली सगळ्या चोलुलात नव्हती. एक होती, पण तिच्यात आधीपासून कोंबड्या राहत होत्या. दमून भागून ती परत आली आणि चोलेसमोर बसून म्हणाली, की या परदेशी लोकांनी येऊन गावात भाव कसे चढवून ठेवलेत, साध्या माणसाने राहायचं कुठे?

चोलेने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग म्हणाली, "हो ना. मेले कुठून कुठून येतात."

कर्टिसला आनंद झाला. तळघरात त्याने नवीन गालिचा घातला होता आणि ओल शोषून घेणारं यंत्र बसवलं होतं. यंत्र जराही आवाज करत नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. बेर्नीताच्या डोळ्यांसमोर ते तळघर आलं, त्याची जमिनीलगतची आडवी खिडकी आली, त्यातून दिसणारे शेजाऱ्यांचे बूट आले. अजून पालेंके बघायचं राहिलं होतं. दक्षिणेकडच्या जंगलातलं ते शहर बघायचं म्हणूनच तिने हा देश निवडला होता, आणि प्रवासासाठी बिस्किटांच्या डब्यात तिने पै पै साठवली होती. एकदा ओहायोला गेलं की तो डबा औषधांच्या दुकानात रिकामा होणार, हे तिला दिसत होतं.

अशात मेलितोन गेला. दुपारी सूप प्यायला, बरं वाटतंय म्हणाला, आणि गेला. दफनाच्या वेळी आरासेलीने फोन उंच धरला होता, त्यात नाचो होता, हॉटेलचा पांढरा अंगरखा घातलेला, मागे वाफा. वाजंत्र्यांचे पैसे त्याने पाठवले होते. कबरीत पेटी उतरवली तेव्हा मागून कोणीतरी त्याला हाक मारली, आणि तो म्हणाला, आलो, एक मिनिट. मग फोन काळा झाला.

घरात जिथे पेटी ठेवली होती तिथे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला, कडेने फुलांच्या पाकळ्या. रोज संध्याकाळी प्रार्थना सुरू झाल्या. बेर्नीता जिना उतरून रोज येई, पण या खेपेला तिने पुन्हा ताट पुढे केलं नाही, आणि सगळ्यांचे कप विसळून ठेवायला लागली. तिच्या लेखी हे सुतकच होतं.

नवव्या संध्याकाळी तो क्रूस जमिनीवरून उचलायचा असतो, आणि तो उचलायला घरातलं माणूस चालत नाही. बाहेरच्या कोणीतरी धर्माचे आईबाप व्हावं लागतं. लाकडी क्रूस, मेणबत्त्या, फुलं, पांढरं वस्त्र, चर्चमधली प्रार्थना, सगळा खर्च त्यांचा, आणि त्यानंतर ते जन्माचे सोयरे. पुरुष असेल तर कोम्पाद्रे, बाई असेल तर कोमाद्रे. सख्ख्या भावाशी भांडाल, पण कोमाद्रेशी आवाज चढवायचा नाही. असल्या माणसाला तोंडाने विचारत नाहीत. पाव, केळी, चॉकलेट आणि एक बाटली अशी टोपली भरतात, तिच्यावर भरतकामाचा रुमाल घालतात, आणि घेऊन जातात. त्याने टोपलीतलं खाल्लं, की हो म्हटलं. चोलेने अशी टोपली भट्टीवरच्या एका जुन्या जोडप्यासाठी भरली. संध्याकाळी न्यायची होती. स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला जागा नव्हती, मुंग्याही झाल्या होत्या, म्हणून आरासेलीने टोपली गच्चीवरच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवली. नाहीतरी खोली आता तिचीच होणार होती, विचारायचं कोणाला?

तो दिवस रविवार होता. सुतक असलं तरी रविवार मोफतच होता. बेर्नीता शेजारच्या डोंगरावरची रंगीत भित्तिचित्रं बघायला गेली होती, ती दुपारी भुकेने आणि उन्हाने अर्धमेली होऊन परतली. टेबलावर टोपली. रुमालाखाली तिळाचा पाव, अजून मऊ. तिला वाटलं, आरासेलीला मन आहे तर. आपल्याला घराबाहेर काढते म्हणून तिला वाईट वाटलं असणार.

वास्तविक बेर्नीताने या टोपलीवर सांस्कृतिक केंद्रात एक अख्खं व्याख्यान ऐकलं होतं, चित्रांसकट. शेवटी प्रश्नही विचारला होता. पण ती प्राचीन प्रथा होती. प्राचीन गोष्ट स्वतःच्या टेबलावर येऊन बसेल, हे त्या विद्वानाने सांगितलं नव्हतं.

ऊन उतरताना चोलेने अंगणातून हाक मारली, की टोपली तेवढी खाली घेऊन या. बेर्नीता टोपली घेऊन उतरली. वर नेताना दोन हात लागलेली टोपली आता एका हातात येत होती. चोलेने रुमाल उचलला आणि पुन्हा ठेवला.

"पाव तुम्ही खाल्लात?"

"हो. फार छान होता. आरासेलीचे आभार मानायचे राहिलेत."

"केळी?"

"दोनच."

"आणि बाटली?"

"नुसती उघडून बघितली," बेर्नीता म्हणाली, आणि हे खोटं होतं ते तिच्या गालांवर दिसत होतं.

चोले पाण्याच्या हौदाच्या कडेवर बसली. एरवी ती असं काही बोलली असती, की बेर्नीताला आठवडाभर पुरलं असतं. पण शेवटी तिच्या तोंडून एवढंच आलं, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ऐकली होती, बेर्नीता. तुम्ही तर अख्खं मढंच अंगावर घेतलंत." मग तिने एकेक करून सांगितलं, की ती टोपली कसली होती आणि खाल्ल्याचा अर्थ काय.

व्याख्यानातली चित्रं बेर्नीताला तेव्हा आठवली. काटकसरी माणसाला सुचतं ते तिला सुचलं. ती म्हणाली, मी उद्या अगदी अशीच टोपली भरून आणते, कोणाला कळणारही नाही.

"मेलितोनला कळेल," चोले म्हणाली. "त्याच्या नावाची विचारणा निघाली, आणि ती तुमच्या पोटात गेली. आता ती दुसऱ्याच्या दारात नेली, तर ते खरकटं झालं. तुम्ही नाही म्हणू शकता. परक्या आहात, महिन्याने जाणार. मी लोकांना सांगेन, तिला समजलं नाही."

एवढी सोपी वाट बेर्नीताला आयुष्यात कोणी दाखवली नव्हती. समजलं नाही म्हणायचं, आणि डब्याला हातही लावायचा नाही. ती वर गेली आणि खूप वेळ खाटेवर बसून राहिली. त्या दिवशी भित्तिचित्रांत तिने एक निळा पक्षी पाहिला होता. काय पाहिलंत, असं खालून कोणी विचारलं नाही. अंधार पडायच्या आत ती बिस्किटांचा डबा घेऊन सुताराकडे गेली.

जन्मभर तिने खाल्लेल्या पावांत तो सगळ्यात महाग पाव ठरला. सुताराला दिले, मेणबत्तीवाल्याला दिले, पाद्र्याला दिले. फुलवाल्या बाईशी तिने घासाघीस करून पाहिली. कशासाठी हवीत हे कळल्यावर बाईने एक जुडी फुकट घातली आणि भाव होता तोच ठेवला. पालेंके त्या आठवड्यात हप्त्याहप्त्याने जंगलात परत गेलं.

नवव्या संध्याकाळी दार उघडं टाकून माणसं अंगणापर्यंत उभी होती. आरासेलीचा चेहरा दुधात माशी पडल्यासारखा. प्रार्थना सांगणाऱ्या बाईने खूण केली, आणि बेर्नीता कुरकुरणारे गुडघे टेकून चुन्याच्या क्रूसापाशी बसली. इतकी वर्षं तिने जुन्या गोष्टी दोरीच्या अलीकडे उभं राहून पाहिल्या होत्या, हात लावू नये अशा पाटीशेजारी. आता पाट्या नव्हत्या. आधी मस्तक, मग उजवा हात, मग डावा, मग पाय, असं एकेक अंग फुलांच्या जुडीने हलकेच झाडून तिने ताटात घेतलं. गच्चीवरची राख झाडून झाडून हाताला वळण पडलेलं होतं, चिमूटभरही सांडलं नाही. शेवटी मधोमध छातीचा तेवढा चुना राहिला, तिथे तिचा हात थांबला. बाईने प्रार्थनेचं कडवं दुसऱ्यांदा म्हटलं. मग तिने तोही उचलला, आणि जमीन मोकळी झाली.

चोले पुढे आली. दोघींनी एकमेकींना मिठी मारली, आणि चोले सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कोमाद्रे." टोमण्याचं एक अक्षर त्यात नव्हतं. बेर्नीताला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आरासेली मोजपट्टी आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आली. दुःख असलं तरी सण कोणासाठी थांबत नाही, हे तिचं म्हणणं. ती वर चढली, आणि मागोमाग भिंतीला धरत चोलेही चढली. धुणं वाळत घालायला ती गच्चीवर यायची, पण खोली भाड्याने दिल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. दुसऱ्याच्या खोलीत डोकावणं बरं दिसत नाही. आणि खरं कारण असं, की नाचोचं तिथे काही उरलं नसेल, हे तिला बघायचं नव्हतं.

ती आत गेली आणि उभी राहिली. भिंती आकाशी. खाटेवर तीच वाघाचं चित्र असलेली रजई. भिंतीवर फुटबॉलच्या संघाचं पोस्टर, एक कोपरा सुटलेला तो तसाच सुटलेला. फळीवर संत ज्यूडची मूर्ती. दारामागच्या खिळ्याला नाचोचा कोट. बेर्नीताचं म्हणावं असं खोलीत काही नव्हतं, खिळ्याखालची एक पेटी सोडली तर. इतक्या वर्षांत तिने पडदा घेतला नव्हता, चादर घेतली नव्हती, भिंतीत एक खिळा मारला नव्हता. कशाला घ्यायचं? आहे ते चालतंय. चिकटपणाने तिने ती खोली अशी सांभाळली होती, की सरकारी खात्यालाही जमलं नसतं.

चोलेने कोटाची बाही हातात घेतली.

आरासेलीने भिंतीला मोजपट्टी लावली आणि म्हणाली, की हे सगळं दोन खोक्यांत बसेल.

"हात लावू नकोस," चोले म्हणाली.

"आई, ठरलं होतं आपलं."

"कोमाद्रेला घराबाहेर काढलं, तर तुझा बाप मला स्वर्गाच्या दाराबाहेरच उभी ठेवील."

"कसली कोमाद्रे? दुसऱ्याचा पाव चोरून खाल्ला तिने."

"पाव तिच्या टेबलावर कोणी ठेवला होता?"

आरासेलीने मोजपट्टी गुंडाळली. तिने एकदा भाडं तरी वाढव म्हणून पाहिलं. आता औषधं लागत नाहीत, असं चोले म्हणाली. पांढरा रंग आरासेलीने तिच्या स्वतःच्या घरी नेला. तिथे एक मागची खोली आहे. ज्वालामुखी दिसत नाही, पण फोटोत काय, कुठलाही घालता येतो.

कर्टिसला फोनवर सांगताना बेर्नीताने कोमाद्रे म्हणजे काय ते समजावण्याचा प्रयत्न केला. त्याने विचारलं, म्हणजे भाडं माफ? नाही. मग काही मिळतं का? बेर्नीताने विचार केला आणि म्हणाली, बाराही महिने तामाल भरायला बोलावतात. तळघरातलं ते यंत्र आता गालिचाची ओल एकटंच शोषत असतं.

खोली राहिली, रविवार मात्र गेले. कोमाद्रे म्हटल्यावर कबरीवर फुलं न्यायची, चोलेच्या भाच्याच्या बारशाला उभं राहायचं, वर्षश्राद्धाची तयारी आत्तापासून करायची. आणि यातला प्रत्येक सोहळा नेमका रविवारी. जिला आठवड्याचे सहा दिवस काम नव्हतं, तिचा जो एक दिवस मोफत होता तोच आळीने घेतला. पालेंकेचा डबा तिने पुन्हा फळीवर ठेवलाय, संत ज्यूडच्या शेजारी. अशक्य गोष्टींचं खातं त्याच्याकडेच असतं.

ज्या रविवारी काही नसतं, त्या दिवशीही पहिली व्हॅन चुकते. कारण सकाळच्या प्रार्थनेनंतर चोले वर येते, खाटेवर बसते आणि नाचोला फोन लावते. त्याला भिंत दाखवते, रजई दाखवते. पोस्टर अजून आहे का, असं तो दर वेळी विचारतो. बेर्नीता अंड्यांचं पुडकं घेऊन बाहेर टाकीपाशी उभी राहते आणि ऐकू येत नसल्यासारखं करते.

एकदा फोन झाल्यावर चोले डोळे पुसत बाहेर आली. बाहेर ताटकळलेली बेर्नीता बघून तिला कसंसंच झालं.

"खोलीचं भाडं तुम्ही देता, कोमाद्रे, आणि मी अशी येऊन बसते."

"रविवारी गावच्या लोकांना मोफत असतं," बेर्नीता म्हणाली.

"आणि बाकीच्या दिवशी?"

बेर्नीताने पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. 

"बाकीच्या दिवशी येताना पाव आणा. तो तिळाचा."